रविवारी चर्चला न जाणाऱ्यांची मंडळी – याला चर्च म्हणायचं का?

गुरुवारवाला

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की दीड वर्षापूर्वी आम्ही चार जण दर गुरुवारी संध्याकाळी एकाच्या घरी बसायला लागलो. ठरवून काही केलं नव्हतं. दोघांनी चर्च सोडलेलं (एकाने भांडून, एकाने कंटाळून), आणि मी नि माझी बायको रविवारी जातो पण खरं सांगू का, हजेरी लावून येतो. गुरुवारी एकत्र जेवायचं, शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा, ज्याला जे वाटेल ते त्याने बोलायचं, मधेच कुणी "मला हे अजिबात पटत नाही" म्हणालं तरी चालतं, आणि शेवटी प्रार्थना, तीही ज्याला करावीशी वाटेल त्याने. पेटी नाही, पुलपीट (प्रवचनाचा उंच ओटा) नाही, प्रवचन तर नाहीच. आता आम्ही चौदा जण झालोय आणि त्यातले पाच असे आहेत की जे कुठल्याच चर्चमध्ये वाढलेले नाहीत, मित्राबरोबर आले आणि राहिले.

गेल्या महिन्यात त्या पाचांतली एक म्हणाली मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मी आनंदाने आमच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगितलं, तेही खूश झाले, म्हणाले रविवारी घेऊन ये, काही आठवडे वर्ग करू, मग उपासनेत बाप्तिस्मा. हे तिला सांगितलं तर ती म्हणते त्या लोकांना मी ओळखतही नाही, त्यांच्यासमोर कशाला, मी विश्वास ठेवायला शिकले ते तुमच्यात बसून. यावर मला काय बोलावं ते सुचलंच नाही.

म्हणून विचारतो. आम्ही जे करतोय ते चर्च आहे, की चर्चच्या आधीची पायरी, की नुसता मित्रांचा कट्टा? इंग्लंडमध्ये 'फ्रेश एक्स्प्रेशन्स' म्हणून काहीतरी चालतं असं कानावर आलं, कुणाला नीट माहितीये का?

बाकावरचा_किडा

थोडंफार वाचलंय म्हणून लिहितो.

२००४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने 'मिशन-शेप्ड चर्च' नावाचा एक अहवाल काढला, बिशप ग्रॅहम क्रे त्या समितीचे अध्यक्ष होते. चर्चचे अहवाल म्हणजे सहसा कपाटात जाऊन पडायची वस्तू, पण हा लोकांनी खरंच वाचला. त्यांचं निरीक्षण साधं होतं, माणसं आता जिथे राहतात तिथल्यापेक्षा जिथे काम करतात, ज्यांच्यात वावरतात त्या गोतावळ्यात जास्त जगतात, मग घराच्या पत्त्यावरून ठरणारी पॅरिश, म्हणजे त्या त्या भागाचं ठरलेलं चर्च, सगळ्यांना कशी पुरणार. मग त्यांनी देशात आधीपासून जे काय काय चालू होतं त्याचे बारा प्रकार मांडले, कॅफे चर्च, सेल चर्च (छोट्या छोट्या गटांचं), शाळेत भरणारं, तरुणांचं, आठवड्याच्या मधल्या वारी भरणारं वगैरे. म्हणजे तुमचं 'गुरुवार' प्रकरण यादीत आहेच, घाबरू नका.

नाव कुठून आलं ते मला फार आवडतं. त्यांच्याकडे दीक्षा घेताना पाळकाला जी प्रतिज्ञा करावी लागते तिच्या प्रस्तावनेतच आहे की हा विश्वास प्रत्येक पिढीत नव्याने सांगायचाय, त्या 'नव्याने'वरून फ्रेश. म्हणजे बंडखोरांनी ठेवलेलं नाव नाही, घरच्याच जुन्या कागदातलं आहे. मेथडिस्ट चर्चही (चर्च ऑफ इंग्लंडमधूनच निघालेला पंथ) यात सुरुवातीपासून सोबत होतं. रोवन विल्यम्स तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे सगळ्यात वरचे बिशप, ते याला 'मिक्स्ड इकॉनॉमी' म्हणायचे, म्हणजे जुनी पॅरिश आणि नवे गट दोन्हींनी शेजारी शेजारी नांदायचं, एकाने दुसऱ्याला गिळायचं नाही.

त्यातलं सगळ्यात पसरलेलं उदाहरण म्हणजे मेसी चर्च. तेही २००४ चंच, पोर्ट्समथजवळच्या एका चर्चमध्ये सुरू झालं. महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर मुलं नि मोठी माणसं एकत्र येतात, रंगकाम, चिकटकाम, मग छोटीशी उपासना, मग जेवण. मुलांना सोडून आईबापांनी पळायचं नाही, थांबायचंच. कारण ते मुलांसाठीचं संडे स्कूल नाहीच, अख्ख्या घरासाठीचं चर्च आहे. पसारा होणार हे नावातच कबूल केलंय.

तुमच्या प्रश्नाला धरून महत्त्वाचं हे की तिथे फ्रेश एक्स्प्रेशन कशाला म्हणायचं याची व्याख्याच अशी केली की जे अजून कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत मुख्यतः त्यांच्यासाठी उभं राहिलेलं, आणि पुढेमागे पूर्ण चर्च व्हायची ज्याची तयारी आहे असं. म्हणजे मूळ चर्चकडे जाणारा पूल एवढंच काम नाही. तुमच्या पाळकांनी मनात पूल धरलाय, तुमची मैत्रीण पलीकडे जायलाच तयार नाही कारण तिच्या मते ती पोचलीये. सगळी गाडी तिथेच अडलीये.

पाळकाची_लेक

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझे वडील तीस वर्षं पाळक होते. तुमच्यासारखे गट मी लहानपणापासून बघतेय, नावं नवी असतात. सगळ्यांना जेवण, गप्पा नि प्रार्थना हवी असते आणि ते छानच आहे, पण तुमच्या चौदा जणांत सत्तरीच्या पुढचं कोण आहे? ज्याचं बोलणं कुणाला सहन होत नाही असं कोण आहे? रविवारी माझ्या शेजारी कोण बसेल ते माझ्या हातात नसतं. मला न आवडणाऱ्या बाईच्या हातून मी प्रभुभोजनाचा (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा) प्याला घेतलाय, ते मला आजवरच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा जास्त शिकवून गेलं. गुरुवारी कोण येणार हे तुम्ही नकळत निवडता. मित्राचा मित्र, एकाच वयाचे, एकच भाषा बोलणारे, सगळे साधारण सारखेच शिकलेले.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही बरं का. इंग्लंडमध्येच २०१० मध्ये दोन धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी पॅरिशची बाजू घेऊन पुस्तक लिहिलं होतं, त्यांचा मुद्दा असा की उपासनेचं रूप म्हणजे काही वरचं वेष्टन नाही की आतला माल तोच ठेवून कागद बदलला, रूप बदललं की आतलंही बदलतं. मग २०२१ मध्ये तिथे एक योजना पुढे आली, दहा वर्षांत दहा हजार नवी चर्चेस, बहुतेक घराघरांत वीस-तीस माणसांची, सामान्य विश्वासणाऱ्यांनी चालवलेली. ती मांडताना इमारत, पगारी पाळक, लांबलचक प्रशिक्षण यांना वाढ रोखणाऱ्या गोष्टी म्हटलं गेलं. झालं, पाळक मंडळी भडकली, त्याच वर्षी 'सेव्ह द पॅरिश' मोहीम उभी राहिली. मला त्यांचा राग समजतो. रात्री दोन वाजता कुणाच्या घरी माणूस गेला की फोन कुणाला जातो? त्या वाढ रोखणाऱ्यालाच ना.

बाकावरचा_किडा

@पाळकाची_लेक सारख्याच माणसांचा मुद्दा मान्य. अहवालातही ही चिंता होती आणि त्यावर त्यांचं उत्तर मला थोडं लंगडंच वाटलं होतं, की सुरुवातीला सारखे लोक जमले तरी पुढे इतरांशी जोडत जायचं. 'पुढे' कधी येतं हे आपल्याला माहितीच आहे.

पण एक सांगतो, रविवारची मंडळी तरी कुठे सगळ्यांची असते? बाकांवर बघा, ठरावीक घराणी, ठरावीक आडनावं. न निवडलेली माणसं म्हणता, ती आपल्या पणजोबांनी निवडून ठेवलेली असतात इतकंच.

पाळकाची_लेक

हे लागलं. बरोबर आहे 😐 तरी रात्री दोनच्या फोनचं उत्तर नाही दिलंत.

अर्धवट_विश्वासी

मी तो चर्च सोडलेला माणूस आहे ज्याच्याबद्दल तुम्ही सगळे बोलताय, म्हणून माझंही ऐका.

त्या २००४ च्या अहवालात एक फरक केलाय तो फार कामाचा आहे. चर्चबाहेरचे म्हणजे सगळे एक नाहीत. काही जण पूर्वी जायचे आणि आता जात नाहीत, त्यातही कुणी बोलावलं तर परत येतील असे काही, आणि काही झालं तरी येणार नाहीत असे काही. आणि काही कधी गेलेलेच नाहीत. सोडून गेलेल्याला जुनी गाणी ऐकली की डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच वेळी मानेवर काटा येतो. कधीच न गेलेल्याला काहीच होत नाही, त्याला ती गाणी म्हणजे परकी चाल. एकाच खोलीत दोघं बसले की एकाला वाटतं हे फार चर्चसारखं झालं आणि दुसरा विचारतो चर्च म्हणजे काय. @गुरुवारवाला तुमच्याकडे दोन्ही आहेत. नियम करताना सोडून आलेल्यांच्या जखमांवरून करू नका. 'पुलपीट नाही, प्रवचन नाही' ही यादी कुणी केली? त्या पाच जणांनी तर नक्कीच नाही, त्यांना पुलपीट काय ते माहितीच नसेल.

आता दुसरी गोष्ट. मी असाच एका घरगुती गटात तीन वर्षं होतो. फार चांगले दिवस होते. मग ज्याच्या घरी जमायचो त्याची बदली झाली. पुढच्या आठवड्यात कुणाकडे तरी जमू म्हणाले, मग सण आले, मग परीक्षा. संपलं असं कुणी सांगितलंच नाही, ग्रुपवर मेसेज यायचे थांबले बस. चर्च सोडताना निदान मी दार आपटून आलो होतो, इथे दारच नव्हतं. त्यातल्या एका मुलाने आमच्यासमोर पहिल्यांदा प्रार्थना केली होती, तो आता कुठे आहे मला माहीत नाही आणि याची लाज मला अजून वाटते.

म्हणून माझं म्हणणं, बाप्तिस्मा द्यायच्या आधी स्वतःला विचारा, तुम्ही दोघं नवराबायको उद्या दुसरीकडे गेलात तर तिची जबाबदारी कोण घेणार.

हिशेबनीस

सगळे छान छान बोलतायत म्हणून कडू गोळी मी देतो.

शेफील्डची नाइन ओ'क्लॉक सर्व्हिस. १९८६ साली तिथल्या एका चर्चमध्ये सुरू झाली, रविवारी रात्री नऊला, क्लबसारखं संगीत, लाइट, मोठे पडदे, चर्चकडे फिरकत नसलेली तरुण पोरं शेकड्यांनी यायला लागली. चर्चचे वरिष्ठ इतके भारावले की पुढाऱ्याला नेहमीपेक्षा लवकर दीक्षा देऊन मोकळे झाले. १९९५ मध्ये सगळं कोसळलं, पुढाऱ्याने गटातल्या बायकांचं शोषण केल्याचं बाहेर आलं. कोर्टाने त्याला दोषी ठरवेपर्यंत २०२५ साल उजाडलं. तीस वर्षं!

संगीत वाईट होतं म्हणून हे झालं नाही, आणि जुन्या चर्चेसमध्ये असं होत नाही असंही मी म्हणत नाही, होतं, आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण तिथे नवं आहे, तरुण येतायत, आकडे वाढतायत म्हणून कुणी प्रश्नच विचारले नाहीत. एकाच माणसाभोवती सगळं फिरत होतं.

तर गुरुवारवाले, तीन गोष्टी विचारतो, उत्तर इथे नाही दिलं तरी चालेल. अर्पण गोळा करता का, केलं तर कुणाच्या खात्यात? लहान मुलं येतात का, ती आतल्या खोलीत खेळतात तेव्हा त्यांच्याबरोबर कोण असतं? आणि तुम्ही स्वतः चुकलात तर तुम्हाला कोण बोलू शकतं? तिसऱ्याला नाव सुचत नसेल तर बाप्तिस्म्याची घाई करू नका.

अभंगवाली

इंग्लंड इंग्लंड काय चाललंय, हे आपल्या मराठीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय की!

आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. दरबारात कोण यायचं? ख्रिस्ताचे शिष्य, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही! त्या काळी हे केवढं धाडस असेल विचार करा. चर्च खोटं आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं, पण ख्रिस्ताकडे ओढला गेलेला माणूस मिशनच्या कंपाउंडात आलाच पाहिजे, तिथल्यासारखाच राहिला पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हतं. भजनं, अभंग हे सगळं ते त्याआधीपासूनच उपासनेत आणत होते, आज आपण गायनपुस्तकातून त्यांची पदं म्हणतो तेव्हा ती एकेकाळी 'नवीन' होती हे विसरतो.

१९१९ मध्ये टिळक गेले, म्हणजे दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. वर अर्धवट_विश्वासींनी घर बदललं की गट संपतो म्हटलंय ना, इथे तर माणूसच गेला. ही त्या कल्पनेची हार होती असं मला वाटत नाही, पण इतका मोठा माणूस मधे असला की त्याच्यामागे उभं राहायला दुसरं कुणी तयार होत नाही हे मात्र खरं.

बाप्तिस्म्याबद्दल माझं मत: तिला तो मागावासा वाटला हेच केवढं आहे. टिळकांच्या दरबारात न घेतलेल्यांनाही जागा होती, म्हणून तिला घाई नाही हे आधी सांगा. थांबली तर तिची खुर्ची कुणी काढणार नाही हे तिला कळू दे, मग ती काय म्हणते बघा.

जुना_मेथडिस्ट

उशिरा आलो. पोरांनो, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीला विसरलात.

१७३९ मध्ये जॉन वेस्ली ब्रिस्टलला उघड्यावर उपदेश करायला लागला, खाणकामगारांसमोर, जे चर्चच्या दारात जायचे नाहीत आणि गेले असते तर कुणी बसू दिलं नसतं. तो स्वतः अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा पाळक, त्याला आधी हे करायची लाजच वाटली होती. पण गर्दी जमवणं सोपं असतं हो. खरी गंमत १७४२ ची आहे. ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून ठरलं बारा-बारा जणांचे गट करायचे, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि गटाच्या म्होरक्याने घरोघरी फिरून ती गोळा करायची. आता घरोघरी फिरल्यावर म्होरक्यांना दिसायला लागलं की कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडणं आहेत, कोण दारूकडे परत वळलाय. पुढे घरोघरी फिरण्याऐवजी गटानेच दर आठवड्याला एकत्र बसायची पद्धत पडली, त्याच क्लास मीटिंग. मेथडिस्ट चळवळीचा कणा वसुलीतून तयार झाला, कुणाच्या दृष्टान्तातून नाही :)

लेकीला उत्तर. रात्री दोनचा फोन पाळकालाच का जावा? बारा जणांत एकजण असा हवा ज्याला तो जाईल. वेस्लीचे हे म्होरके पाळक नव्हतेच, साधे कामकरी लोक होते, बायकासुद्धा होत्या. पण ऐका, वेस्ली प्रभुभोजनासाठी आपल्या लोकांना पॅरिश चर्चमध्येच जा म्हणायचा. आयुष्यभर. गट वेगळा, टेबल एकच. ते शेवटी निभलं नाही हा भाग निराळा, त्याच्यामागे मेथडिस्ट वेगळे झालेच.

आणि घरात जमणं म्हणजे कमी दर्जाचं, हे डोक्यातून काढा. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा, प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलाय. पौलाने 'मंडळी' हाच शब्द वापरलाय, प्रार्थनागट नाही. सीरियात दुरा-युरोपसला तिसऱ्या शतकातलं एक घर उत्खननात सापडलं, आतून बदल करून उपासनेसाठी केलेलं, आणि त्यात एक खोली खास बाप्तिस्म्याची. घरात.

गुरुवारवाला

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं दोनदा वाचलं, बायकोने पण वाचलं.

@हिशेबनीस तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आहे (अर्पण घेत नाही, मुलांबरोबर दोघी जणी आळीपाळीने असतात), तिसऱ्याला नाव नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये. अर्धवट_विश्वासी, पुलपीटवाला मुद्दा गुरुवारी बोलून दाखवला तर आमचा भांडून आलेला मित्र दहा मिनिटं गप्प झाला, मग म्हणाला बरोबर आहे, मीच ती यादी केली होती.

लेक ताई, सत्तरीचं कुणी नाही. मोजलं. सगळ्यात मोठा मी, चव्वेचाळीस.

तिला अभंगवालींच्या शब्दांत सांगितलं की घाई नाही, थांबलीस तरी जागा तुझीच. ती म्हणाली मला थांबायचं नाहीये. मग मीच पाळकांकडे परत गेलो आणि विचारलं, तिने रविवारी यायच्या ऐवजी तुम्ही गुरुवारी याल का, वर्ग आमच्याबरोबर जेवताना घ्याल का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले पंचांना (मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना) विचारावं लागेल, बाप्तिस्मा घरी देता येईल पण मंडळीतली दोन वडीलधारी माणसं सोबत आणीन, तिने त्यांना आधी भेटलं पाहिजे. एक आजोबा आहेत, एक त्या शेवटच्या बाकावरच्या बाई ज्यांची मला स्वतःला थोडी भीती वाटते. दोघं येत्या गुरुवारी जेवायला येतायत. तिला सांगितलं, ती म्हणाली येऊ देत की, दोघांनाच तर ओळखायचंय.

आता एकच अडकलंय. नोंदवहीत कुठल्या मंडळीचं नाव लिहायचं?

जुना_मेथडिस्ट

वही पाळकांची आहे, त्यांच्या मंडळीचं नाव लिहू देत, भांडू नका. साक्षीदारांच्या रकान्यात तुमच्यातल्या दोघांच्या सह्या घ्या. आणि तारीख गुरुवारचीच टाका.

पाळकाची_लेक

त्या बाईंना दाराजवळची खुर्ची देऊ नका, मधे बसवा. नंतर काय झालं ते लिहा इथे.